माग आणि हजेरी

पेशवाईच्या अखेरच्या काळात गावात रात्री घर फुटलं, की सकाळी पहिली हाक पडे ती राखणदाराला. देशावर तो बहुधा रामोशी असे, खानदेशाकडे भिल्ल, पुष्कळ गावांत महार. घराभोवतीच्या मातीत एखादं स्पष्ट पाऊल उमटलेलं दिसलं की तो ते काडीनं मापून घेई आणि माग धरून निघे. माग गावच्या शिवेपर्यंत गेला, तर शेजारच्या गावच्या राखणदाराला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. मग चोर शोधण्याची जबाबदारी त्या गावाची. माग ज्या गावात थांबेल त्या गावच्या राखणदारानं चोर तरी द्यावा, नाहीतर ऐपतीप्रमाणे भरपाई तरी करावी, असा रिवाज होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर या मुलखाचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. त्यानं आपल्या अहवालात ही रीत बारकाईनं नोंदवून ठेवली आहे. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाची वागणूक कशी, हे सगळं राखणदाराला ठाऊक असावं लागे, असंही त्यानं लिहिलं आहे.

या व्यवस्थेला डोक्यावर घेण्याचं कारण नाही. ज्याच्या भरवशावर गाव झोपत होतं, त्याचं घर गावकुसाबाहेर होतं. आपलं गाव राखायचं आणि लांबच्या गावावर दरोडा घालायचा, असे राखणदारही होते. कबुलीसाठी छळ करणं ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे. तरीही या व्यवस्थेतली एक बाब लक्षात ठेवावी लागते, कारण पुढच्या शंभर वर्षांत नेमकी तीच उलटली. तपास सुरू होई तो घडलेल्या गुन्ह्यापासून, मातीतल्या पावलापासून. पाऊल कुणाच्या दारात जातं हे शेवटी कळायचं. आणि तपास करणारा माणूस त्याच गावाला बांधलेला असायचा. त्याचं बलुतं गावाकडून येई आणि त्याची चूक गाव त्याच्याकडून वसूल करी.

कंपनी सरकार स्थिरावलं तशी किल्ल्यांची राखण, वतनं, इनामं यांची छाटणी सुरू झाली. पुरंदर किल्ल्याच्या परिसरातल्या रामोश्यांचे पिढीजात हक्क गेले. त्यांच्यातलाच भिवडीचा उमाजी नाईक १८२६ च्या सुमारास उठला आणि पाच-सहा वर्षं त्यानं पुणे-सातारा भागात इंग्रजांना दमवलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याला पकडण्याच्या मोहिमेतला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यानं दुसऱ्याच वर्षी रामोश्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. एका बंडखोराचा वृत्तांत लिहायला बसलेल्या लष्करी अधिकाऱ्याला साऱ्या जमातीचं मूळ, तिच्या चालीरीती आणि तिचे ‘स्वभाव’ लिहावेसे वाटले. ही दृष्टी पुढे वाढत गेली.

त्याच दशकात उत्तरेकडे विल्यम स्लीमननं ठगांविरुद्ध मोहीम काढली होती. वाटसरूंचे खून आणि लूट खरोखरच होत होती, त्यामुळे मोहिमेला कारण होतं. प्रश्न तिच्या पद्धतीचा होता. एखाद्यानं अमुक खून केला हे सिद्ध करणं अवघड जाई, म्हणून १८३६ मध्ये कायदाच असा झाला की ठगांच्या टोळीशी संबंध होता एवढं ठरलं तरी जन्मठेप देता यावी. हा संबंध ठरवायचा तो प्रामुख्यानं माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून. कुठं, कधी आणि कुणाला मारलं, या प्रश्नांचं वजन कमी झालं. तू कुणापैकी आहेस, हा प्रश्न मोठा झाला.

आता जरा गावाबाहेर, रस्त्यावर बघू. त्या काळी हजारो कुटुंबं फिरतीवर जगत होती. बंजारे बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ लादून किनाऱ्यापासून आतल्या मुलखात नेत. मोगल फौजांपासून कंपनीच्या फौजांपर्यंत सगळ्यांना त्यांनी रसद पुरवली होती. कैकाडी टोपल्या, कणग्या विणत. त्यांचे दक्षिणेतले भाऊबंद, म्हणजे कोरवा आणि येरुकुला, मिठाचा व्यापार करत. पारधी शिकारीवर जगत. कुणी दगड फोडी, कुणी दोरावर खेळ करी, कुणी जडीबुटी विके. वर्षातून ठरावीक दिवसांत ही माणसं गावात येत, आपलं काम करत आणि पुढच्या गावाला लागत. गावाला त्यांची गरज होती, म्हणून ओळखही होती.

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली. रूळ घाट चढून देशावर आले तसे बंजाऱ्यांचे तांडे रिकामे पडू लागले. मिठावर सरकारनं आपली पकड आवळली तेव्हा मिठाचे फिरते व्यापारी बसले. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी झालं, त्यामुळे कालपर्यंतचं शिकार करणं, लाकूड-बांबू-मध काढणं आज गुन्ह्यात बसलं. धंदा बुडालेला, जमीन नाही, सारा भरत नाही, एका ठिकाणी राहत नाही, अशी माणसं महसुलाच्या वहीत कुठंच बसत नव्हती. त्यातच १८५७ होऊन गेलं होतं. जो फिरतो तो बातमी पोचवतो, कदाचित हत्यारही पोचवतो, ही धास्ती सरकारच्या मनात घर करून राहिली. यातल्या काहींनी पोटासाठी चोऱ्या केल्या, दरोडेही घातले, हे नाकारायचं कारण नाही. पण ज्यांनी केल्या नाहीत त्यांचीही गणना त्यांच्यातच होणार होती.

याच सुमारास पोलीस खातं नव्यानं उभं राहिलं. १८६१ चा पोलीस कायदा आला तो आयर्लंडमधल्या सशस्त्र दलाचा नमुना समोर ठेवून. लंडनच्या रस्त्यावर फिरणाऱ्या, लोकांत मिसळणाऱ्या शिपायाचा नमुना इथे नको होता. जिंकलेल्या मुलखाला धाकात ठेवणारं दल हवं होतं. मुंबई इलाख्यासाठी १८६७ मध्ये वेगळा कायदा झाला, पण घडण तीच राहिली. शिपाई जमादाराला उत्तर देई, जमादार साहेबाला, साहेब सरकारला. गावाला उत्तर देणारं या उतरंडीत कुणीच नव्हतं. १९०२ मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस आयोगानं देशभर साक्षी घेतल्या. आयोगाचा निष्कर्ष असा होता की हे दल अकार्यक्षम आहे, लोक त्याला लाचखाऊ आणि जुलमी समजतात आणि लोकांचा विश्वास मिळवण्यात ते पूर्णपणे अपयशी ठरलं आहे. हे मत कुणा चळवळ्याचं नव्हतं. सरकारनंच नेमलेल्या आयोगानं सरकारलाच सांगितलेलं होतं.

लोक बातमी देत नाहीत तेव्हा पोलिसांपुढे दोन वाटा असतात. लोकांचा विश्वास मिळवावा, नाहीतर बातमीची गरजच लागू नये अशी यादी हाताशी ठेवावी. १८७१ मध्ये दुसरी वाट कायद्यात आली.

ऑक्टोबर १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. त्यामागचा युक्तिवाद आज वाचताना अंगावर येतो. या देशात धंदा जातीनं चालतो, सुताराचा मुलगा सुतारच होतो, तसेच काही लोक पिढ्यानपिढ्या गुन्हाच करत आले आहेत आणि त्यांचा निःपात होईतो ते गुन्हाच करत राहतील, अशी ती मांडणी होती. म्हणजे जातिव्यवस्थेचं एक ढोबळ चित्र उचलायचं आणि त्यावर फौजदारी कायदा उभा करायचा.

कायद्याची रचना साधी होती. एखादी जमात, टोळी किंवा माणसांचा वर्ग जामीनपात्र नसलेले गुन्हे सतत करतो असं प्रांतिक सरकारला वाटलं, तर गव्हर्नर जनरलच्या मंजुरीनं ती जमात गुन्हेगार म्हणून राजपत्रात जाहीर करायची. एकदा जाहीर झालं की तेच पुरावा. ही घोषणा बरोबर की चूक, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. मग त्या जमातीच्या माणसांची पटावर नोंद, ठरलेल्या जागी वास्तव्य, ठरल्या वेळी हजेरी आणि परवान्याशिवाय प्रवासाला बंदी. नियम मोडला तर सक्तमजुरी, दंड किंवा फटके. यात चोरी कुठंच आलेली नाही. पटावर चढण्यासाठी काही करावं लागत नव्हतं, त्या घरात जन्मणं पुरे होतं.

सुरुवातीला हा कायदा वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला, नंतर बंगालात गेला. मुंबई इलाख्यात तो यायला चाळीस वर्षं लागली. मधल्या काळात इथले अधिकारी स्वस्थ बसले नव्हते. मेजर गंथॉर्प यानं १८८२ मध्ये मुंबई, वऱ्हाड आणि मध्य प्रांतांतल्या ‘गुन्हेगार जमातीं’ची टिपणं छापली. १९०८ मध्ये मुंबई पोलिसांतला अधिकारी मायकल केनेडी यानं इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर जाडजूड पुस्तक काढलं. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. एकेक जमात घ्यायची आणि ती कशी दिसते, कुठं राहते, काय नेसते, कोणती भाषा बोलते, वेश कसा बदलते, चोरी कोणत्या पद्धतीनं करते, चोरीचा माल कुठं लपवते, हे क्रमानं सांगायचं. ठाण्यावर नव्यानं आलेल्या फौजदारानं हे वाचायचं आणि रस्त्यावरच्या माणसाकडे बघायचं. लुगड्याची तऱ्हा, गोंदण, बोलीतला हेल हीच संशयाची कारणं झाली. तोवर बोटांचे ठसेही हाताशी आले होते. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठसे तपासणारं कार्यालय निघालं. एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या नावावर जमा असलेल्या त्या पद्धतीचं खरं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी मांडलं होतं. ज्या माणसाला लिहिता येत नव्हतं त्याचा अंगठा आता पटावर कायमचा राहिला.

१९११ मध्ये कायदा सुधारला आणि सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा आला. त्यातलं एक कलम असं होतं, की नोंद झालेला माणूस चोरी करण्याच्या बेतात होता असं वाटावं अशा परिस्थितीत कुठंही आढळला, तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद देता यावी. कायद्यानं ठरवलेल्या गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर काळं पाणी. त्याच गुन्ह्याला इतर कुणाला काही महिन्यांची सजा होऊन सुटता येई.

हजेरी म्हणजे काय, हे त्या घरात जाऊन बघावं लागतं. संध्याकाळ झाली की कामावर कुठंही असलं तरी परतायचं. पोलीसपाटलापुढे किंवा चौकीवर उभं राहायचं, नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं. परगावी जायचं तर पाटलाकडून दाखला घ्यायचा. तिथं पोचल्यावर तो तिथल्या पाटलाला दाखवायचा आणि परत आल्यावर इथं जमा करायचा. दाखला देणं न देणं पाटलाच्या हातात. बाजाराला जायचं, सोयरीक जुळवायची, जत्रेला जायचं, दुसऱ्या गावात वारलेल्या बहिणीच्या मातीला जायचं, तरी दाखला हवाच. म्हणून दाखल्याला किंमत आली. कोंबडं, दारू, वेठीची मजुरी, कधी याहून वाईट काही. आणि ज्या रात्री पंचक्रोशीत चोरी होई, त्या रात्री हजेरीला असलेल्या माणसालाही उचललं जाई, कारण नावं आयती लिहिलेली होती. माग काढायला निघणारा राखणदार आणि पट उघडणारा शिपाई यांच्यातलं अंतर इथं दिसतं. पहिल्याला चोर कोण हे ठाऊक नसतं, म्हणून तो शोधतो. दुसऱ्याला ते आधीच ठाऊक असतं.

हजेरीच्या पुढची पायरी म्हणजे सेटलमेंट. सरकारला वाटलं तर जमातीच्या जमाती उचलून तारेच्या कुंपणात वसवण्याची सोय कायद्यात होती. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचीही होती. मुंबई इलाख्यात ही व्यवस्था उभी केली ती ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्यानं. विजापूर, हुबळी, गदग, बारामती, जळगाव अशा ठिकाणी सेटलमेंट निघाल्या. त्यांतली सोलापूरची सर्वांत मोठी. काही मिशनऱ्यांनी चालवल्या, काही सरकारनं. सोलापुरात हे काम अमेरिकन मराठी मिशनकडे होतं.

सोलापूर निवडण्यात हिशेब होता. तिथं कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना माणसं हवी होती. कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटे, मांग-गारुडी, छप्परबंद यांना तारेच्या आत राहायला जागा आणि तारेबाहेर गिरणीत काम मिळालं. सकाळी भोंगा झाला की कामावर, सुटी झाली की परत आत, मग हजेरी. गिरणीतल्या बाकीच्या कामगाराला मालकाशी पटलं नाही तर गाव सोडता येई. या कामगाराला काम सोडायचं झालं तर तो कायद्यात अडके. स्टार्टची कळकळ खोटी होती असं मला वाटत नाही. सेटलमेंटमध्ये शाळा होत्या, दवाखाना होता, चांगली वागणूक दिसली तर तारेबाहेरच्या वसाहतीत घर मिळे. पुढे मागास वर्गांच्या कामाची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते आणि समितीचा १९३० चा अहवाल अस्पृश्य आणि आदिवासींच्या शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. सेटलमेंटच्या शाळेत शिकून पुढे गेलेली माणसंही आहेत. पण शाळा द्यायची तर ती तारेच्या आतच का द्यायची, याचं उत्तर त्या सगळ्या कळकळीत सापडत नाही.

उत्तर नव्हतंच असं नाही. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या एका संस्थानात ते तेव्हाच दिलं गेलं होतं.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांच्या बाबतीत ते आणखी पुढे गेले. ज्यांना बघून गाव दारं लावून घेई त्या माणसांना त्यांनी सोनतळीच्या परिसरात वसवलं, कामं दिली आणि त्यांतल्या काहींना पहाऱ्यावर नेमलं. शिकारीत त्यांची सोबत घेतली. ज्याला चोर म्हणतात त्याच्या हाती राखण सोपवणं ही मोठी जोखीम होती. शाहूंनी ती घेतली, कारण जनावरामागे रानोमाळ फिरणाऱ्या या माणसांची नजर आणि चिवटपणा त्यांना शिकारीच्या निमित्तानं जवळून माहीत होता. माणसं तीच, काळही तोच. ब्रिटिश मुलखात त्यांच्या रात्रीचा हिशेब पटावर ठेवला जात होता आणि कोल्हापुरात त्यांच्याकडून राखण करून घेतली जात होती. संस्थान छोटं होतं, एका माणसाच्या इच्छेवर चालत होतं, हे आक्षेप मान्य आहेत. तरीही ‘त्या काळी दुसरं काही शक्यच नव्हतं’ असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा कोल्हापूर समोर ठेवावं लागतं.

या कायद्याविरुद्धचा आवाज हळूहळू राजकारणात आला. १९३६ मध्ये आंध्रातल्या नेल्लोरला बोलताना पंडित नेहरूंनी या कायद्याच्या राक्षसी तरतुदी नागरी स्वातंत्र्य पायदळी तुडवतात, असं स्पष्ट सांगितलं आणि कोणत्याही जमातीला जन्मानं गुन्हेगार ठरवणं चूक आहे, अशी भूमिका घेतली. दुसऱ्या वर्षी मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी करणारी समिती बसली. पण युद्ध आलं, मंत्रिमंडळ गेलं आणि पट तसेच राहिले. स्वातंत्र्याची सकाळ उगवली तेव्हा सव्वाशेच्या वर जमाती अजून गुन्हेगार म्हणून नोंदलेल्या होत्या. १५ ऑगस्ट १९४७ च्या संध्याकाळीही हजेरी झाली.

मुंबई राज्यानं १९४९ मध्ये कायदा रद्द केला. केंद्रानं त्याच वर्षी अनंतशयनम अय्यंगार यांची समिती नेमली आणि तिच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द झाला. नेहरूंनी सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा तोडल्या, असं तिथं आजही सांगतात. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. गुन्हेगार जमातींच्या आता विमुक्त जाती झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत त्या चौदा आहेत आणि त्यांत रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, बंजारा, कंजारभाट, भामटा, छप्परबंद ही नावं आहेत.

तारा तुटल्या, पण ठाण्यातली कपाटं तीच होती. जमातीचा कायदा जात असतानाच त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा कायदा त्यांतलाच. कागदावर फरक मोठा आहे. नव्या कायद्यात जमात नाही, व्यक्ती आहे, आणि त्या व्यक्तीला आधी शिक्षा झालेली असावी लागते. पण ज्या समाजातल्या माणसांना आधीच्या ऐंशी वर्षांत सर्वांत जास्त शिक्षा झालेल्या होत्या, तोच समाज नव्या पटावर सर्वांत आधी चढला. शिवाय १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचं १२२ वं कलम होतंच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी संशयास्पद स्थितीत आढळणं हा त्यात गुन्हा आहे. ज्याचं घर म्हणजे माळावरचं पाल, तो रात्री कुठं आढळणार? दारूबंदीच्या कायद्यानं गाळपावर जगणारे कंजारभाट आले, भिकेविरुद्धच्या १९५९ च्या कायद्यानं खेळ करून हात पसरणारे आले. यातला एकही कायदा जमातीचं नाव घेत नाही. त्यामुळे त्याच माणसांना पुन्हा पकडताना कुणाला लाजही वाटत नाही.

हे पांढरपेशा मराठी वाचकापर्यंत पोचलं ते फार उशिरा. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’ लातूर जिल्ह्यातल्या धनेगावची कहाणी सांगतं. घरात शिरून झडती घेणारे पोलीस, मार, हप्ता, आणि चोरी सोडून मजुरी करायला निघालेल्याला कामच न देणारं गाव, हे सगळं त्यात आतून आलं आहे. गावाची ही बाजू मला महत्त्वाची वाटते. सगळा दोष खाकी वर्दीवर टाकणं सोपं आहे. पण पारध्याची पालं माळावर पडली की ठाण्यावर खबर देणारं गावच असतं. चोरी झाल्यावर ‘त्यांना उचला’ म्हणून दबाव आणणारा सरपंच गावचाच असतो. ठाण्यात माणसं कमी, वर डिटेक्शनचा आकडा दाखवायचा असतो, आणि गाव बोट दाखवतं तिकडे जायला कष्ट लागत नाहीत. पारधी पकडला की फाईल बंद होते. चोर खरोखर दुसराच असला तर तो पुढच्या आठवड्यात दुसरं घर फोडतो आणि नुकसान गावाचंच होतं. आणि पारध्याच्या पालात चोरी झाली, त्याच्या बाईवर हात टाकला गेला, तर तो ठाण्याची पायरी चढत नाही. फिर्यादी म्हणून आत गेलेला माणूस आरोपी होऊन बसल्याचं त्यानं पाहिलेलं असतं.

१९९८ साली दोन मृत्यूंनी हा प्रश्न पुन्हा देशापुढे आणला. फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा खेडिया सबर जमातीचा तरुण कोठडीत मेला. जूनमध्ये बारामतीत पारधी समाजातला एक जण पोलिसांच्या ताब्यात मारला गेला. महाश्वेता देवी ज्या सबर कल्याण समितीचं काम बघत, ती बुधनचं प्रकरण घेऊन कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती रूमा पाल यांनी सीबीआय चौकशी आणि कुटुंबाला भरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृती गट उभा केला. अहमदाबादच्या छारानगरात, जिथे पूर्वी छारा जमातीची सेटलमेंट होती, तिथल्या पोरांनी बुधनवर नाटक बसवलं आणि आपल्या मंडळींना ‘बुधन थिएटर’ हेच नाव दिलं. ज्या शिपायांनी त्यांच्या बापांना उचललं होतं, त्यांच्यापुढेही ही मुलं प्रयोग करत आली आहेत.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० मध्ये सराईत गुन्हेगार कायदे रद्द करावेत अशी शिफारस केली. वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २००७ मध्ये भारताला तेच सांगितलं. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला, भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानं दहा वर्षांनी दुसरा. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्रातले. दोन्ही आयोगांना या माणसांची नीट मोजदाद नसणं हीच मोठी अडचण जाणवली. एक जमात एका राज्यात अनुसूचित जाती, दुसऱ्यात अनुसूचित जमाती, तिसऱ्यात तिसरंच काही. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला हवा असेल तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून इथलं असल्याचा कागद दाखवावा लागतो. ज्यांना एका गावात तीन रात्री राहू दिलं जात नव्हतं, त्यांच्याकडे हा कागद मागितला जातो. अंगठ्याचे ठसे, उंची, गोंदण, बापाचं नाव, भावाचं नाव, सगळं ज्या सरकारनं पिढ्यानपिढ्या लिहून ठेवलं, त्याच सरकारच्या दुसऱ्या कचेरीत ही माणसं आपण इथलेच आहोत हे सिद्ध करत उभी असतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दल निकाल दिला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी त्यासाठी याचिका केली होती. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत अजूनही भटक्या आणि ‘गुन्हेगार’ जमातींबद्दलची जुनी भाषा होती. सवयीनं पळून जाणारे, सवयीनं चोरी करणारे, म्हणून त्यांना विश्वासाची कामं देऊ नयेत, अशा आशयाची. न्यायालयानं असे नियम घटनाबाह्य ठरवले. सराईत गुन्हेगार कोण, हे रिवाजावरून, संशयावरून किंवा जमातीवरून ठरवता येणार नाही, ते कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच ठरलं पाहिजे, असंही सांगितलं. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घेण्याची जबाबदारी न्यायालयानं पोलिसांवर टाकली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात न्यायालयानं हिस्ट्रीशीटबद्दल, म्हणजे ठाण्यात ठेवल्या जाणाऱ्या संशयितांच्या नोंदीबद्दल, हेच बजावलं होतं. केवळ मागास समाजात जन्मला म्हणून कुणाचं नाव त्यात घालू नये, कुटुंबातल्या निरपराध माणसांची आणि लहान मुलांची नावं तिथं येऊ नयेत.

म्हणजे १८७१ मध्ये जे तपासायला न्यायालयाला मनाई होती, ते १५३ वर्षांनी न्यायालयानं तपासलं. आता काम आहे ते ठाण्यांचं. प्रत्येक ठाण्यात संशयितांची नोंदवही असते, आणि तिच्यातलं एकेक नाव कोणत्या घडलेल्या गुन्ह्यामुळे तिथं आलं, हे एकेक करून तपासावं लागेल. ज्या नावापुढे असा गुन्हा सापडणार नाही ते खोडावं लागेल, आणि खोडल्याचं त्या माणसाला त्याच्या पालावर जाऊन सांगावं लागेल.